व्हॅनिलाची कुपी

माझ्या टेबलावर २५० रुपयांची परफ्यूमची एक कुपी आहे. मनगटावर दोन थेंब लावले, की प्रथम मद्याची उबदार, किंचित झोंबणारी झुळूक येते. मग व्हॅनिलाचा गोडवा उमलतो. आणि तासाभराने मागे राहतो तो वाळल्या लाकडाचा शांत गंध. किंमत ऐकून एक स्नेही हसून म्हणाले, "म्हणजे नकली! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा." असा निवाडा तुम्हीही अनेकदा ऐकला असेल, कधी वस्तूंविषयी, कधी माणसांविषयी. तो थोडा पारखून पाहू या.

व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोच्या परिसरातील, ऑर्किड कुळातील वेल. तिचे फूल एकच दिवस उमलते. युरोपीयांनी ती दूरच्या बेटांवर नेली. फुले आली, पण शेंगा धरेनात. १८४१ मध्ये हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर एडमंड नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने परागीभवन साधण्याची युक्ती शोधली. आजही लागवडीतले एकेक फूल असेच हाताने फळवावे लागते आणि शेंगेला गंध येण्यासाठी महिनोन् महिने जपावे लागते. १८४८ मध्ये तेथील गुलामगिरी संपली, एडमंडला अल्बियस हे आडनाव मिळाले. मळेवाल्यांना वैभव मिळाले. तो मात्र १८८० मध्ये दारिद्र्यातच वारला. अस्सल व्हॅनिलाच्या मोठ्या किमतीत त्याचा वाटा कधीच नव्हता.

१८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सूचिपर्णी वृक्षांच्या रसातील एका द्रव्यापासून व्हॅनिलीन, म्हणजे व्हॅनिलाच्या गंधाचा मुख्य घटक, तयार केले. शेंगेतला आणि प्रयोगशाळेतला व्हॅनिलीनचा रेणू एकच. शेंगेत त्याच्या सोबतीला इतर पुष्कळ गंधद्रव्ये असतात, म्हणून तिचा गंध अधिक भरदार, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु १८८९ मध्ये पॅरिसच्या गेर्लां या नामांकित घराण्याने 'जिकी' हे परफ्यूम सिद्ध केले, तेव्हा त्यातही हेच कृत्रिम व्हॅनिलीन होते. उंची कुपीत जे कलेचे साधन ठरते, ते स्वस्त कुपीत लबाडी कसे ठरावे?

माझ्या कुपीतल्या तीन गंधांचे नातेही मुळातले आहे. लाकडाला बळकटी देणाऱ्या लिग्निन या घटकाचे विघटन होताना व्हॅनिलीन निर्माण होते. ओकच्या लाकडाची पिंपे आतून भाजतात, त्यांत व्हिस्की वर्षानुवर्षे मुरते आणि लाकडातला तो गोडवा मद्यात उतरतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद जुना झाला, की पुस्तकांना येणाऱ्या मंद गोड वासातही व्हॅनिलीनचा अंश असतो.

मित्रहो, दिवसभराचे काम आटोपून, घरातली निजानीज झाल्यावर तुम्ही पुस्तक उघडता. 'हे काही खरे कॉलेज नव्हे,' असे तेव्हा कोणी म्हणाले असेल. वर्गाची सोबत, शिक्षकांचा सहवास यांची उणीव मीही नाकारणार नाही. पण कविता समजली, की ती समजलेली असते. ती कोणत्या इमारतीत समजली, हे तिच्या अर्थात उतरत नाही. त्या रात्री एखादे जुने पुस्तक हाती असेल, तर वाचण्यापूर्वी क्षणभर त्याचा वास घेऊन पाहा.