फाउंडेशन

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर आहेत. ती पाना धरतात, नट आवळतात, पण त्यांना कळत काही नाही. मनगटातली नस दबलीय, असं डॉक्टर म्हणाले. चाळीस वर्षं पाने आवळल्यावर दुसरं काय होणार, असंही म्हणाले. करंगळी मात्र शाबूत आहे, कारण तिची नस वेगळ्या वाटेनं येते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी याच हातावर नाव कमावलं. चालू गाडीवर तळवा ठेवायचा आणि बॉनेट किंवा सीट न उघडता दुखणं सांगायचं, ही माझी ख्याती. मला ती फार आवडायची. गिऱ्हाईक बघत असलं की मी हात जरा जास्तच वेळ ठेवायचो.

माझा जीव मारुती व्हॅनमध्ये. 1984 ला आली, पुढं तिचं नाव ओम्नी झालं, 2019 ला बंद झाली. या सगळ्या काळात मी एकाच गोष्टीशी झुंजत आलो: गाडी उभी, गिअर न्यूट्रलला, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, आणि स्टिअरिंग थरथरतंय. रेस दिली की थरथर जाते, सोडली की परत येते. मिसिंग, गरम होणं, धूर, हे सगळं एक दिवस सापडतंच. स्लोवरची थरथर मात्र माझ्याशी अजून लपंडाव खेळते.

कारण ती निरोगी व्हॅनमध्येही असते. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली बसवलेलं. क्रँकचे तीन गुडघे एकशे वीस अंशांवर. तिघांचा वर-खाली धक्का बेरजेत शून्य होतो, पण तिघं एका रेषेत मागं-पुढं उभे असल्यानं पुढचं टोक उचललं की मागचं दबतं. इंजिन लांबीत डोलतं. हा डोल मारायला बॅलन्सर शाफ्ट असतो, तो यात दिलेलाच नाही. म्हणजे थरथर आहे का, हा प्रश्नच चुकीचा. केवढी, कुणाची आणि कुठून येतेय, एवढंच शोधायचं.

केवढी आणि कुणाची, हे माझ्या हाताला कळायचं. स्लो मिनिटाला नऊशे फेऱ्यांच्या आसपास धरला तर सेकंदाला पंधरा फेरे होतात आणि बावीस-तेवीस वेळा ठिणगी पडते. एक सिलिंडर अशक्त असला तर दोन फेऱ्यांतून एकदा दचका, म्हणजे सेकंदाला सात-आठ. पहिली बारीक झिणझिण, दुसरा जाड ठोका. हे गणित मी फार उशिरा कागदावर मांडलं, हाताला ते आधीच येत होतं. गॅसवरच्या व्हॅनमध्ये तर हा ठोका ठरलेलाच. कोरड्या गॅसनं व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट मिटत जाते. सकाळी थंड असताना गाडी शहाणी, आणि गरम झाली की व्हॉल्व्ह लांबून पुरता बसत नाही, गाडी लंगडायला लागते. तरी लोक प्लग बदलत बसतात.

कुठून येतेय, हे मात्र अवघड.

मी मोटारीकडं येण्याआधी ऑइल इंजिनं बसवायचो. विहिरीवर, गुऱ्हाळावर. एक सिलिंडर, दोन मोठी फ्लायव्हील. खड्डा खणायचा, काँक्रीट भरायचं, त्यात बोल्ट गाडायचे, त्यावर इंजिन आवळायचं. त्याला आम्ही फाउंडेशन म्हणायचो. फाउंडेशन जेवढं जड तेवढं इंजिन गप्प. पुढं गॅरेजात आलो तर इथंही तोच शब्द, पण वस्तू रबराची. व्हॅनच्या इंजिनाखालच्या त्या रबरांनाही फाउंडेशनच म्हणतात. शब्द एक आणि काम उलटं. काँक्रीटनं इंजिनाला हलू द्यायचं नाही, रबरानं मात्र हलू द्यायचं आणि ते हलणं पत्र्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कितीतरी वर्षं मी रबराचे बोल्टसुद्धा विहिरीवरच्यासारखे आवळले. रबर पिळलं, दबून दगड झालं, आणि मी दुकानदाराला शिव्या दिल्या.

डुप्लिकेट माल आहेच, नाही असं नाही. काही रबरं एवढी कडक येतात की जुनी फाटलेली बरी वाटावीत. पण त्याहून मोठी लबाडी स्लो वाढवून देण्याची. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, इंजिन बाराशेवर न्यायचं, थरथर गायब. गिऱ्हाईक खूष होऊन जातं आणि पुढं सिग्नलला उभं राहून पेट्रोल जाळतं. आतलं दुखणं तसंच वाढत राहतं. हे करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही. स्कॅनरवाल्यांशी माझं भांडण वेगळं. यंत्र वाईट नाही, पण कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही, असं जे सांगतात त्यांनी फाटलेल्या रबराचा कोड मला दाखवावा.

एवढं बोलायचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न मला या वर्षी पडला.

एका आचाऱ्याची जुनी कार्बोरेटरची व्हॅन आली. गॅसवर चालणारी, मागं लग्नाची पातेली. सिग्नलला थांबलं की पातेली वाजतात, ही त्याची तक्रार. टॅपेट तपासले, एका सिलिंडरची फट मिटलेली. ती काढली तसा जाड ठोका गेला, झिणझिण राहिली. मी हात ठेवला आणि सांगितलं, फाउंडेशन. दोन्ही रबरं आणि गिअरबॉक्सचं तिसरं, सगळी नवी घातली. बोल्ट ढिले ठेवून इंजिन चालू केलं, ते आपल्या जागी बसू दिलं, मग आवळले.

माझ्याकडं दोन वर्षं शिकणारं पोरगं आहे, आयटीआय झालेलं. त्यानं फ्लोअरवर हात ठेवला आणि म्हणालं, ‘‘मामा, हे इंजिनातनं न्हाई. मागनं यायलंय.’’

मी त्याला गप्प केलं. त्या वेळी बोटं बधिर होती, हे मला ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं. मी पुन्हा तळवा ठेवला, मला काहीच कळलं नाही आणि काहीच कळत नाही म्हणजे थरथर नाही, असं मी ठरवून टाकलं. आचाऱ्याला म्हणालो, जुनी गाडी आहे, एवढं राहणारच. पैसे घेतले. त्यानं चार दिवसांत गाडी परत आणली. ‘‘मिस्त्री, पातेली अजून वाजत्यात.’’

पोरानं या वेळी विचारलं नाही. खाली घुसलं आणि सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला केला. पाइप टणकन अर्धा सूत बाजूला सरकला. पातेली गप्प झाली.

जुनी रबरं बसली होती, इंजिन दोन सूत खाली आलं होतं. कुणीतरी कधीतरी सायलेन्सर त्याच उंचीवर जुळवून बांधला होता. मी नव्या रबरांनी इंजिन वर उचललं, पाइप ताणला गेला, त्याची टांगायची रबरं तारेसारखी ताठ झाली. ताणलेलं रबर रबर राहत नाही. थरथरीची एक वाट मी बंद केली आणि स्वतःच्या हातानं दुसरी उघडली. फाउंडेशनचे बोल्ट ढिले ठेवून बसवायचे, हे मला वीस वर्षांपासून येतं. सायलेन्सरही त्याच इंजिनाला बांधलेला आहे आणि तोही तसाच पुढून मागं ढिला करत जावा, हे मी एकदाही केलं नव्हतं. आधीच्या किती गाड्या मी ‘एवढं राहणारच’ म्हणून पाठवल्या, ते आता मोजता येणार नाही.

आता पोरगं आधी हात ठेवतं. मला काय वाटतं ते मी आधी सांगत नाही, नाहीतर त्याचा हात माझं ऐकेल. मग मी ठेवतो, करंगळीकडची कड टेकवून. तिला जाड ठोका कळतो. बारीक झिणझिण कधी कळते, कधी नाही. ज्या दिवशी कळत नाही त्या दिवशी तसं मोठ्यानं सांगायचं, हे मी ठरवलंय. गिऱ्हाइकासमोर ते अजून जड जातं.

आचाऱ्याकडून दुसऱ्या खेपेचे पैसे मी घेतले नाहीत. पहिल्या खेपेचे घेतले होते. ते अजून परत द्यायचे आहेत.