दहा वाजताचा सूर्यास्त

आमच्या बँकेतील एक जुने स्नेही येत्या जूनमध्ये मुलीकडे डब्लिनला निघाले आहेत. गेल्या आठवड्यात ते वहिनींसह घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाले, "तुम्ही दोघे दोन महिने तिकडे राहून आलात. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, अशी समुद्रकाठची ठिकाणे सांगा."

आयर्लंड म्हटले की सगळे प्रथम मोहरच्या कड्यांचे नाव घेतात. ते खोटे नाही. पश्चिम किनाऱ्यावर सुमारे ८ किलोमीटर लांब पसरलेले हे कडे एके ठिकाणी २१४ मीटर उंच आहेत आणि खाली अटलांटिक महासागर गर्जत असतो. परंतु डब्लिनहून तेथे पोहोचण्यास बसने साधारण तीन तास लागतात व परतीसही तेवढेच. साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना मी डब्लिनचा उपसागरच सुचवीन.

तेथे 'डार्ट' नावाची लोकल गाडी किनाऱ्याच्या कडेने धावते. उत्तरेला होथ, दक्षिणेला ब्रे आणि ग्रेस्टोन्स. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी धरावी. किलिनीजवळ समुद्र अगदी पायाशी आल्यासारखा वाटतो. होथ हे मासेमारीचे बंदर. धक्क्यावरील दुकानांचा वास आपल्या मंडळींना सोसत नाही, म्हणून तेथे न रेंगाळता डोंगरकड्याची पायवाट धरावी. वर वारा स्वच्छ असतो आणि समोर 'आयर्लंड्स आय' हे निर्जन बेट दिसते.

मला मात्र सर्वांत भावले ते डन लीरी. १८०७ च्या नोव्हेंबरमध्ये या उपसागरात वादळात दोन जहाजे फुटली आणि सुमारे चारशे माणसे बुडाली. सुरक्षित बंदराची मागणी त्यानंतर जोर धरू लागली आणि १८१७ मध्ये येथील दगडी धक्क्यांचे काम सुरू झाले. पुढे १८३४ मध्ये आयर्लंडमधील पहिली रेल्वे डब्लिनहून येथेच आली. पूर्वेकडचा धक्का सव्वा किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे. त्याच्या टोकाशी असलेल्या दीपगृहापर्यंत संध्याकाळी आजी-आजोबा, बाबागाड्या, कुत्री असे सगळे गाव फिरायला येते.

स्नेही लिहून घेत होते. वहिनींनी मध्येच विचारले, "भाऊजी, हे सगळे ठीक. पण चौविहार कसा सांभाळलात?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर त्याच धक्क्यावर घडले होते.

जूनच्या अखेरीस डब्लिनला सूर्य जवळजवळ दहाला मावळतो. त्या दिवशी खाकरे, ठेपले, सुकी भाजी असा डबा घेऊन आम्ही चिरंजीवांसह तेथे गेलो होतो. सौभाग्यवतींनी सातलाच जेवण उरकले व पाणी पिऊन पच्चक्खाण घेतले. मुलगा हसून म्हणाला, "आई, सूर्य अजून तीन तास आहे. सावकाश जेव की." ती म्हणाली, "सूर्य आहे म्हणून खातच राहावे, असे थोडेच आहे? आणि डिसेंबरात रे? तेव्हा कधी मावळतो?"

"चार वाजून गेल्यावर लगेच," तो म्हणाला, आणि गप्प झाला.

मग थांबत थांबत त्याने सांगितले. पहिल्या हिवाळ्यात तो कार्यालयात साडेतीनला डबा उघडून बसे. काही आठवडे जमले, नंतर सुटले. गेली तीन वर्षे हिवाळ्यात तो रात्रीच जेवत होता. फोनवर आईने "वेळेवर जेवलास ना?" असे विचारले की "हो" म्हणत होता.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. उठून दीपगृहापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, "नियम सुटला, त्याचे वाईट वाटले. पण रोज मला खोटे सांगत होतास, ते जास्त लागले."

मुलाची मान खाली गेलेली पाहून मला राहवले नाही. मीही कबूल केले की ३१ मार्चच्या वार्षिक हिशेबाच्या रात्री शाखेत मी अनेकदा उशिरा जेवलो आणि माझ्या आईला कधी कळू दिले नाही. त्यावर सौभाग्यवती माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा डबा भरलेला परत यायचा. मला काय कळत नव्हते?"

आम्ही तिघेही हसलो, पण माझ्या मनाला ते बोचलेच. आपले साधू-साध्वी द्रव्य, क्षेत्र, काल, भाव पाहून वागण्यास सांगतात. क्षेत्र बदलले, काल बदलला, तर झेपेल तेवढाच नियम घ्यावा. पण घेतलेला उघडपणे पाळावा आणि न पाळता आल्यास तेही उघडपणे सांगावे. आमच्या घरात धाकामुळे नियम टिकल्यासारखा दिसत होता, प्रत्यक्षात तो दोन पिढ्या झाकला जात होता.

परतीच्या गाडीत मुलाने स्वतःच ठरवले : उन्हाळ्यात रोज सातच्या आत, हिवाळ्यात निदान अष्टमी-चतुर्दशीला चारच्या आत. आम्ही आग्रह केला नव्हता. आता आम्ही फोनवर जेवणाची चौकशी करीत नाही. गेल्या डिसेंबरात त्याचाच फोन आला, "आज चतुर्दशी होती. साडेतीनला जेवलो. आता भूक लागली आहे." सौभाग्यवतींनी त्याच्याशी नेहमीपेक्षा अधिक वेळ गप्पा मारल्या.

वहिनी ऐकत राहिल्या. निघताना स्नेह्यांनी वही पुन्हा उघडली आणि डन लीरीपुढे लिहिले : 'संध्याकाळ. मुलीला सोबत न्यावे.'