मुख्याध्यापक वर्गात कधी जातात?

मुंबईत भायखळ्यासारख्या भागात महापालिकेच्या एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात. जिना एक, मैदान एक (असलंच तर), मुलंही आसपासच्या चाळींतली. मुख्याध्यापक तेवढे वेगळे. या शाळा वर्षानुवर्षं पाहून माझं मत असं झालं आहे, की मुलांच्या शिकण्यावर मुख्याध्यापकांचा परिणाम होतो, पण तो शिक्षकांच्या हातून. परिपाठातल्या भाषणाने कुणाचा भागाकार सुधारत नाही. तिसरीच्या बाई तो कसा शिकवतात हे मागच्या बाकावर बसून पाहिलं, मधल्या सुट्टीत त्यांच्याशी त्यावर बोललं, रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग रिकामा राहू दिला नाही, तर सुधारतो. शालेय नेतृत्वाचे अभ्यासक केनेथ लीथवूड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उपलब्ध संशोधन चाळून हेच मांडलं : शाळेच्या हातातल्या गोष्टींत वर्गातल्या शिकवण्याखालोखाल वजन नेतृत्वाचं. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांना २००८ मध्ये सर्वांत मोठा परिणाम दिसला तो शिक्षकांच्या प्रशिक्षणात स्वतः सामील होणाऱ्या मुख्याध्यापकांचा. नुसती सतरंजी टाकून उद्घाटन करणाऱ्यांचा नव्हे.

यावर लोक म्हणतात, परदेश कुठे नि भायखळा कुठे! १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, घरात अभ्यासाला कोपरा नाही, तिथे मुख्याध्यापक काय करणार? घराचं ओझं शाळेपेक्षा जड असतं, हे खरंच. लीथवूडही फक्त शाळेच्या हातातल्या गोष्टींबद्दलच बोलतात. पण त्यांचाच दुसरा निष्कर्ष असा, की नेतृत्वाचा परिणाम सर्वाधिक दिसतो तो जिथे गरज सर्वाधिक असते तिथे. ज्या घरात शिकवणी लावायला पैसे आहेत तिथे शाळेची उणीव बाहेर भरून निघते. आपल्याकडे निघत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो : मुख्याध्यापकांना वेळच कुठे आहे? यू-डायस पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, शालार्थ प्रणालीवरची वेतनबिलं, पोषण आहाराच्या नोंदी, वर निवडणुकीची कामं. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला मुख्याध्यापकाचं पद मिळतं ते पट १५०च्या वर गेला तरच, आणि मराठी माध्यमाचा पट घसरतोय. खासगी शाळांत १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार खुर्ची मिळते ती मुख्यतः ज्येष्ठतेने. त्यामुळे वशिलेबाजीला थोडा आळा बसतो, म्हणून ही पद्धत मोडा असं मी म्हणणार नाही. पण निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाकडून शाळा घडवण्याची अपेक्षा धरणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. कागद सांभाळायला प्रत्येक शाळेला लिपिक द्या, मग मुख्याध्यापकांना जाब विचारा. अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांतल्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी पुढच्या सभेत रंगरंगोटीच्या आधी एवढंच विचारावं : गेल्या महिन्यात मुख्याध्यापक किती वर्गांत जाऊन बसले?