पाण्याचा खिळा

आमच्या भाड्याच्या खोलीत एकच खिळा आहे आणि तो फार वर आहे. भिंतींना खिळे मारायचे नाहीत असं करारातच लिहिलंय, म्हणून कॅलेंडर त्या एकुलत्या खिळ्यावर. तारीख बघायला मान वर करावी लागते, महिना उलटायला स्टूल लागतं. राहायला आलो तेव्हा मी घरमालकीणबाईंना, म्हणजे काकूंना, विचारलं होतं, हा काढून जरा खाली मारून घेऊ का? त्या म्हणाल्या, "तो कॅलेंडरचा नाहीये. पाण्याचा आहे."

२४ जुलै १९८९ चं पाणी. अंबा नदी खोपोलीच्या बाजूने डोंगर उतरते, जांभूळपाडा, पाली करत नागोठण्याला येते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. त्या दिवशी तिने वर जांभूळपाड्यात माणसांसकट घरं नेली आणि खाली नागोठण्यात ती घराघरांत शिरली. काकूंच्या सासऱ्यांची भातशेती त्याआधी काही वर्षं इथल्या कारखान्याला गेली होती. आलेल्या पैशांतून त्यांनी या दोन खोल्या काढल्या, कंपनीतली माणसं भाड्याने ठेवायला. गिलावा पुरता वाळलाही नव्हता. पाणी ओसरल्यावर चिखलाची रेघ जिथे उमटली होती तिथे त्यांनी खिळा ठोकला, मग भिंत धुतली, मग रंगवली. आजवर सात-आठ वेळा रंग झाला असेल. खिळा तसाच.

या खोल्यांत मला पाच वर्षं होत आली. त्याच कंपनीत मी प्रयोगशाळेत आहे, पाळ्यांची नोकरी. बायको पेणला शाळेत शिकवते. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही पेणलाच काढलं. वीसेक किलोमीटरचं अंतर, पण ते मुंबई-गोवा महामार्गावरचं. पनवेल ते इंदापूर रस्ता रुंद करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं, आणि एवढ्या वर्षांत आमच्या मणक्यांना त्याचा प्रत्येक टप्पा पाठ झाला. वडखळच्या कोंडीत अडकून रात्रपाळीला उशीर होऊ लागला, तेव्हा आम्ही नागोठण्याला आलो. आता मी चालत जाऊन कंपनीची बस पकडतो आणि बायको पेणला ये-जा करते. कामाजवळ घर हवं असं सगळे म्हणतात, पण दोघं कमावती असली की कोणाच्या कामाजवळ, हे कोणी सांगत नाही.

यंदा मुलगी शाळेत जाईल. त्यामुळे घरात विषय निघाला आणि विषय निघाला की एजंट कुठून तरी उगवतोच. दुसरा मजला, वन बीएचके, चोवीस लाख. खाली पार्किंग, वर गच्ची. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'रिव्हर व्ह्यू'.

मी आटपाडी तालुक्यातला. आमच्या माणदेशात जमीन बघायला जा, घर बघायला जा, नाहीतर मुलीसाठी स्थळ बघायला, पहिला प्रश्न एकच : पाणी किती फुटांवर लागलं? पाचशे फूट बोअर मारून नुसता फुफाटा उडालेला मी लहानपणी बघितलाय. मशीनवाला पैसे मोजून घेत होता आणि वडील त्या पांढऱ्या धुळीत हात घालून ती ओली आहे का ते बघत होते. तिकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा इथे जुलैतल्या एका आठवड्यात पडून जातो. अशा माणसाला 'रिव्हर व्ह्यू' दाखवणं म्हणजे उपाशी माणसाला हलवायाच्या दुकानात नेणं.

वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. जानेवारीतली सकाळ होती. फ्लॅटच्या गॅलरीतून त्यांनी नदीकडे बघितलं. भरतीची वेळ असावी, पात्र काठोकाठ, मचवा स्थिर. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आरं, नदी दारात हाय की. मग इचार कसला करतूस?"

दुपारी जेवून ते आमच्या खोलीत आडवे झाले आणि त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. "एवढं वर का टांगलंय?" काकू ताटं न्यायला आल्या होत्या, त्यांनीच सगळं सांगितलं. वडील उठले, खिळ्याखाली उभे राहिले, हात वर केला. बोटं टेकली नाहीत. त्यांची उंची पाच फूट सहा इंच. मग जन्मभर विचारत आलेला तोच प्रश्न त्यांनी काकूंना उलटा विचारला : "म्हंजी पानी साडेसात फुटावं?" आमच्याकडे जमिनीपासून खाली मोजतात. इथे वर.

हिशेब मी रात्रपाळीत केला. प्रयोगशाळेत दोन नमुन्यांच्या मधे वेळ मिळतो. वीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं : हप्ता १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ नुसतं व्याज, मुद्दलात जाणार तीन हजारांच्या वर थोडेसे. वीस वर्षांत बँकेला द्यायचे साडेएकेचाळीस लाखांहून जास्त. मुद्रांक, नोंदणी, सोसायटी वेगळं. काकूंचं भाडं सहा हजार. आकड्यांचा कौल स्वच्छ होता आणि बायकोने तो तेवढ्याच स्वच्छपणे फेटाळला. "तू व्याज धरलंस," ती म्हणाली, "खिळा कुठे धरलास? मला पोरीचं चित्र भिंतीला लावायचं तर परवानगी मागावी लागते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तसा कायदाही मला भाडेकरू म्हणत नाही. लीव्ह अँड लायसन्सच्या कागदावर मी 'परवानाधारक' आहे. अकरा महिने या भिंतींच्या आत असण्याची मला परवानगी आहे. तो कागद नोंदवणं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे, आणि मुदत उलटून बसून राहिलो तर दुप्पट पैसे. त्यापेक्षा आपला 'बिऱ्हाडकरू' बरा. बिऱ्हाडात निदान चूल तरी असते.

नागोठणं हे गावच मुळात बिऱ्हाडाचं आहे असं मला हल्ली वाटतं. रेल्वे नव्हती, घाटरस्ते नीट नव्हते, तेव्हा मुंबईचे साहेबलोक भरती साधून बोटीने खाडीतून इथवर यायचे आणि इथून पालखी-घोड्यावर महाडच्या वाटेने महाबळेश्वर गाठायचे. मीठ, भात, माणसं, सगळं इथे उतरायचं, रात्र काढायचं आणि पुढे जायचं. गावाबाहेर अंबेवर दगडी कमानींचा जुना पूल आहे. चौलच्या काझी अल्लाउद्दीनने तो १५८० च्या सुमारास बांधला असं जुनं गॅझेटियर सांगतं, आणि खर्च देतं तीन लाख रुपये. त्या काळच्या तीन लाखांत केवढे वाडे उठले असते! त्या माणसाने ते पैसे लोकांना पलीकडे जाता यावं म्हणून घातले. त्याचं स्वतःचं घर चौलमध्ये नेमकं कुठे होतं कोण जाणे. पूल मात्र चारशे वर्षांचे पूर अंगावर घेऊन उभा आहे. कधी कधी पाळी सुटल्यावर मी तिकडे जातो. त्यावर दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल, इतका तो अरुंद आहे.

बिऱ्हाड आमच्याकडेही नवं नाही. आमच्या आटपाडी तालुक्यातली माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी, देशभर गेली. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातल्या माणसाचं गलाईचं दुकान नाही असं शहर शोधावं लागेल. माझे एक चुलते तमिळनाडूत आहेत, पंचवीस वर्षं एकाच भाड्याच्या दुकानात, वर पोटमाळ्यावर संसार. गावाकडे त्यांनी दुमजली बंगला बांधलाय, संगमरवराचा जिना, वर सिंहांची जोडी. तो यात्रेला उघडतो. एरवी माझे वडील आठवड्यातून एकदा कुलूप हलवून बघून येतात. आणि इथे, गणपतीच्या आदल्या दोन रात्री आमच्या खिडकीसमोरून मुंबईच्या गाड्यांची रांग सरकत असते. टपावर सामान, आत झोपलेली पोरं. भांडुप-नालासोपाऱ्याच्या खोल्यांतून निघालेली ती माणसं दहा दिवसांसाठी आपली घरं उघडायला चाललेली असतात. दक्षिणेत गलाई करणारा आमचा माणूस आणि हा चाकरमानी, दोघांचा नेम एकच : काम असेल तिथे बिऱ्हाड आणि काम नसेल तिथे घर. गिरण्यांच्या काळात तर एकाच खोलीत पाळीपाळीने माणसं झोपायची, आणि तरी त्यांतला कोणी स्वतःला बेघर म्हणवत नसे, कारण गावी घर होतं. नोकरीशेजारी स्वतःचं घर हे खूळ आपल्याकडे तसं नवं आहे, हप्त्यांच्या वयाचं. मी ते वाईट म्हणत नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की वीस वर्षं नोकरी जागची हलणार नाही.

इथल्या कारखान्याचंच घ्या. आयपीसीएल म्हणून सरकारी मालकीत तो उभा राहिला. नोव्हेंबर १९९० मध्ये तिथे स्फोट झाला, तीसहून अधिक माणसं गेली. २००२ मध्ये सरकारने कंपनीतला मोठा हिस्सा रिलायन्सला विकला आणि पुढे पाच वर्षांनी आयपीसीएल हे नावही गेलं. गावात अजूनही वयस्कर माणसं 'आयपीसीएलला होतो' असंच म्हणतात. कॉलनीतल्या क्वार्टर्समध्ये ज्यांची तिशी-चाळिशी गेली, त्यांतल्या कितीतरी जणांनी घर घेतलंच नाही. बाग होती, पाणी होतं, शाळा होती, मग घ्यायचं कशाला? एक निवृत्त गृहस्थ मला स्टेशनवर भेटले होते. आता पुण्यात मुलाकडे असतात. "क्वार्टरची किल्ली दिली त्या दिवशी कळलं," ते म्हणाले, "अंगणातला आंबा मी लावलेला होता, पण माझा नव्हता." दिवा गाडी आली आणि बोलणं तिथेच राहिलं.

आंब्याचं हे ऐकल्यावर बायकोची बाजू मला जड वाटू लागली. पण लगेच खिळा आठवतो.

आता खिळ्याविषयी पाच पावसाळ्यांत जे शिकलो ते सांगतो, कारण एजंट ते सांगत नाही. नुसत्या पावसाने नागोठणं बुडत नाही. वर पाली-खोपोलीकडे रात्रभर कोसळलं आणि तेव्हाच खाडीत उधाणाची भरती असली, की वरून आलेल्या पाण्याला खाली दार बंद. मग ते आडवं पसरतं : एसटी स्टँड, बाजार, काठावरची घरं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. म्हणजे तोच पाऊस अष्टमीला सोसतो आणि अमावास्येला सोसत नाही. नागोठण्याला नदीची इशारा पातळी आठ मीटर, धोक्याची नऊ. जुलैत गावातल्या पोराटोरांनाही हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे तोंडपाठ असतात. आठ ओलांडले की काकू काही बोलत नाहीत, नुसत्या तिथी बघायला आमच्या खोलीत येतात. मान वर करून, त्याच खिळ्यावरच्या कॅलेंडरात.

दोन वर्षांपूर्वी एकदा पाणी उंबऱ्याला लागलं. आम्ही गॅस सिलिंडर आणि मुलीला घेऊन काकूंच्या माळ्यावर गेलो. रात्री ढगांच्या पोटावर कारखान्याच्या फ्लेअरचा नारिंगी उजेड हलत होता. पहाटे पाणी उतरलं. माझ्या डोक्यात पहिला विचार आला, गेलं तर गेलं, आपलं काय, दुसरी खोली बघू. काकू तोवर पदर खोचून खराट्याने चिखल लोटू लागल्या होत्या. चिखल ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की भिंत सोडत नाही, हे त्यांनीच मला त्या दिवशी शिकवलं. घर घेणं म्हणजे काय, ते हप्त्याच्या तक्त्यापेक्षा त्या खराट्यात मला जास्त दिसलं. घर विकत घेणारा नदीसुद्धा विकत घेतो, तिच्या अष्टम्या-अमावास्यांसकट. बिऱ्हाडकरू फक्त गॅलरी घेतो.

वडील जाताना एसटीत बसले आणि खिडकीतून म्हणाले, "पावसाळ्यात बघ. उन्हाळ्यात समदीच घरं चांगली." जिथे पाऊसच नाही अशा गावच्या माणसाने हे सांगावं याचं मला हसू आलं. पण ते बरोबर आहे. बोअरची जागा आम्ही एप्रिलमध्ये बघतो, पाणी सगळ्यांत खोल असतं तेव्हा. मग इथलं घर जुलैत बघायला नको? तुम्ही रायगडात कुठे घर बघत असाल, तर तुम्हीही तसंच करा. टायटल, सातबारा, बिगरशेतीचा आदेश, महारेराचा क्रमांक, सगळं बघा, आणि मग अमावास्येच्या भरतीला त्या इमारतीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभे राहा.

काकूंशी करार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवला. मुलीच्या चित्रासाठी एक खिळा मारायची परवानगी त्यात लिहून घेतली. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "मार, पण माझ्या खिळ्याच्या वर मार."

एजंटला मी फोन करून सांगितलं, जुलैतल्या अमावास्येला, भरतीच्या वेळी मी पार्किंग बघायला येणार, मग टोकन. तो म्हणाला, "या की साहेब, बिनधास्त या." आणि मग, सवयीने असेल, "फक्त गमबूट घालून या."

टोकनचे पन्नास हजार अजून माझ्याच खात्यात आहेत.