घरातल्या घरात चालणं

राजेहो, नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल मी वेगळं काय सांगू! २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अंकाची पानं सोडून घरी यायला मला रात्रीचे दोन होतात. उठेस्तोवर नऊ, तोवर ऊन चटके देतं. म्हणजे मॉर्निंग वॉक बाद.

गेल्या वर्षी साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. हौसेनं सायकल-मशीन आणलं. महिनाभरात त्यावर टॉवेल वाळू लागले.

मग अर्ध्या तासाचा हट्टच सोडला. कूलरसमोर जागच्या जागी चालायचं, दहा-दहा मिनिटं, तीनदा. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगानं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, आणि थोडं थोडं केलेलंही त्यात मोजलं जातं. दिवसातला पहिला फोन मी चालतच करतो. मुलगी कॅलेंडरवर फुली मारते. फुली चुकली की ती काही बोलत नाही, नुसती पाहते. तेवढं पुरतं.

पण माझ्याकडे हॉल आहे, कूलर आहे. टिनाच्या एका खोलीत पाच जण राहतात, त्यांनी कुठं चालायचं? वस्त्यावस्त्यांतली समाजभवनं लग्नं नसली की कुलपात असतात. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोन तास ती उघडी ठेवा, पंखे लावा. खर्च फक्त विजेचा.

तुमच्या वस्तीतल्या भवनाची चावी कोणाकडे असते? कमेंटमध्ये सांगा. आपण मिळून मागू.