सार्डिनियाच्या किनाऱ्यावरची बुरशी

ज्या मुखाशी सभ्य मनुष्य नाकास रुमाल लावील, त्याच ठिकाणी, सार्डिनियातील काल्यारी शहराचे सांडपाणी समुद्रास मिळते तेथे, १९४५ साली संशोधक ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी नमुना घेऊन त्यातून सेफॅलोस्पोरियम ही बुरशी वेगळी केली, हे आज पुन्हा वाचताना मन त्या निर्भीड कुतूहलापाशीच रेंगाळले. विषमज्वराच्या जंतूंनाही आवरणारा तिचा अर्क त्यांनी रुग्णांवर वापरला. १९४८ चा त्यांचा वृत्तांत मात्र विद्वानांच्या दप्तरी जवळजवळ बेदखलच राहिला. पुढे ऑक्सफर्डला अब्राहम व न्यूटन या संशोधकांनी त्या बुरशीतून सेफॅलोस्पोरिन सी हे प्रतिजैविक द्रव्य निराळे काढले, जे पेनिसिलिनचा नाश करणाऱ्या विकरासही सहसा दाद देत नव्हते. बुरशी सागराची की गटाराची, हा निवाडा मजकडून होत नाही. औषधाच्या कुपीवर तरी तिचा मूळ पत्ता कोण छापील?