रानातली पिवळी झुंबरे

मे महिन्यात यवतमाळहून पांढरकवड्याला जायचे झाले तर एस.टी.त खिडकीजवळची जागा पकडा. बाहेर ४५ अंशांचे ऊन, सागाची पाने गळालेली, सगळे रान कसे राखाडी. आणि मध्येच एखादे झाड दिसते, अंगभर पिवळेधमक! तोच आपला बहावा.

जवळून बघाल तर हातभर लांबीचे घोस झुंबरासारखे लोंबत असतात. वरची फुले आधी उमलतात, खाली टोकाला अजून कळ्याच.

जपानात अशीच एक लाडकी झुकती चेरी आहे. फुकुशिमा प्रांतातल्या मिहारू गावचे तिचे झाड हजार वर्षांहून जुने! त्याला 'ताकिझाकुरा' म्हणजे 'धबधबा चेरी' म्हणतात. १९२२ साली जपान सरकारने त्याला नैसर्गिक स्मारक ठरवले. वाटेल की ही चेरी आपल्या अंगणातही लावावी. पण नाही जमायचे! तिला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागते, आणि आपला उन्हाळा तिला सोसवणार नाही. शिवाय तिची कलमे बांधावी लागतात. बहाव्याच्या फांद्या काही झुकत नाहीत, लोंबतात ते नुसते घोस. पण त्याला ऊन आवडते, आणि तो बियांपासून येतो.

येतो खरा, पण सहजासहजी नाही हं! त्याची काळी शेंग दंडुक्यासारखी असते. आत चिकट गर आणि कप्प्याकप्प्यात एकेक बी. बीचे कवच इतके टणक की पाणी आत शिरत नाही. तसेच पेरले तर महिनोन्‌महिने रुसून बसते. रानात अस्वले, माकडे, कोल्हे शेंगा खातात आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बिया रुजतात. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात अस्वले आहेत, पण आपण घरी अस्वल कुठून आणणार? म्हणून बी खरबरीत दगडावर एका बाजूने घासायचे आणि रात्रभर पाण्यात ठेवायचे. सकाळी जे फुगलेले दिसेल ते पेरायचे. गर किंवा बी तोंडात मात्र घालू नका, ढाळ लागतील!

शेळ्या या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत. कुंपण नसलेल्या शाळेसाठी मला तरी हेच झाड पसंत आहे. वाईट एवढेच वाटते, की आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर बहर ओसरलेला असतो.

जुनी माणसे म्हणतात, बहावा फुलला की दीड महिन्याने पाऊस. खरे की खोटे? यंदा पहिला घोस दिसेल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि मोजा.